सिमेंटची विरी

"सिमेंट? दातात सिमेंट घालणार तुम्ही?"

असं म्हणून खुर्चीतून ताडकन उठून बसलेले पेशंट मी इतके पाहिलेत की आता त्याचं काही वाटत नाही. एक निवृत्त गृहस्थ तर पुढे जाऊन म्हणाले, "कुठल्या कंपनीचं आहे? आमच्या सोसायटीच्या गच्चीला वापरलं ते नसेल ना? ते गळतंय." मी म्हटलं, "काका, गळणारं मी वापरत नाही. आ करा." त्यांनी आ केला. दंतवैद्याच्या धंद्यात एवढं एक बरं असतं, पुणेकराला काही काळ तरी गप्प बसवता येतं.

कसबा पेठेत माझा दवाखाना आहे. दारावर पाटी आहे: 'दिलेली वेळ पाळावी. उशिरा आल्यास पुढचा पेशंट घेतला जाईल. कारणे सांगू नयेत.' ही पाटी मी स्वतः रंगवून घेतली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. निवृत्त होईपर्यंत मी दंतवैद्यकीच्या कॉलेजात पदव्युत्तर मुलामुलींना रूट कॅनल शिकवत होते. म्हणजे सकाळी शहाण्यांशी बोलायचं आणि संध्याकाळी पेठेतल्या दीडशहाण्यांशी. दोन्हीकडे माझं बरं चाललं होतं.

रूट कॅनल म्हणजे नस काढणे, एवढंच लोकांना माहीत असतं. अहो, नस काढणं सोपं आहे. रिकामी झालेली नळी पुन्हा भरणं आणि भरलेलं तिथं टिकवणं, हे खरं काम. नळीत रबरासारखी कांडी बसवतात आणि कांडी व दाताची भिंत यांच्यात जी फट राहते ती सिमेंटनं बुजवतात. पुढचा दात हिरडीपाशी मोडला असेल तर नळीच्या वरच्या भागात एक बारीक खुंटी सिमेंटनं रोवायची आणि त्या खुंटीवर कॅप चढवायची. सिमेंटनं भिंत सोडली की खुंटी, कॅप आणि डॉक्टरची अब्रू एकदमच हातात येते.

या धरून ठेवण्याला इंग्रजीत चांगला भारदस्त शब्द आहे. मी वर्गात 'विरी' म्हणायचे. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, तव्यावर टाकायला उचलावी तर तुकडे होतात. आई म्हणायची, पिठाची विरी गेली. पीठ तेच, पाणी तेच, हात तोच, पण एकमेकांना धरायची ताकद गेली. सिमेंटचंही अगदी तसंच असतं. आता हॉस्टेलवर नूडल्स खाऊन जगणाऱ्या मुलांना आधी भाकरी समजावून सांगायला लागायची, ते सोडा.

माझ्या शेवटच्या काही वर्षांत सगळ्यांना एक वेड लागलं होतं, सिमेंटमध्ये काहीतरी घालायचं. नुसतं सिमेंट फट बुजवतं, पण उरलेसुरले जंतू काही मारत बसत नाही. मग घाला त्यात जंतुनाशक, घाला प्रतिजैविकाची पावडर, घाला चांदीचे बारीक कण. एका मुलाला हळद घालायची होती. त्याला मी म्हटलं, "मीठ-मोहरी पण घाल, फोडणीच देऊ." विचार चुकीचा नाही हो. पण सिमेंट घट्ट होणं ही रासायनिक क्रिया आहे. बाहेरून घातलेला पदार्थ त्या क्रियेत लुडबुड करतो, नाहीतर नुसताच मध्ये बसून जागा अडवतो. बेतानं घातला तर कधी फायदाही होतो. हात जरा सैल सुटला की विरी गेलीच. जंतू मरतात आणि दातही सुटतो.

ऋतुजा माझी शेवटची विद्यार्थिनी. यवतमाळची, कमालीची चिवट. तिचा प्रबंध याच विषयावर होता. काढून टाकलेल्या दातांची मुळं घ्यायची, त्यांत सिमेंट भरायचं, घट्ट होऊ द्यायचं, मग मुळाच्या गाजरासारख्या आडव्या चकत्या करायच्या. प्रत्येक चकतीच्या मधोमध भरलेलं सिमेंट एका बारीक दांड्यानं यंत्रात ढकलायचं. किती जोर लावल्यावर ते भिंत सोडून बाहेर पडतं, तो जोर म्हणजे त्या सिमेंटची विरी. "मॅडम, थोडं अजून टाकून पाहू न," असं ती म्हणायची आणि मी "थोडं कमी टाकून बघ" म्हणायचे. बहुतेक वेळा माझंच खरं व्हायचं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ऋतुजा हा अंक वाचते.

तर अशा दिवसांत दत्तोबा आले.

दत्तोबा सनईवाले आमच्या गल्लीच्या मागेच राहायचे. साठी उलटलेली, अंगावर पांढरा स्वच्छ सदरा, बोलणं हळू. वाड्यावस्त्यांतली, मंगल कार्यालयांतली, देवळांतली कितीतरी शुभकार्यं या माणसाच्या सनईनं उभी राहिलेली. रुमालाची घडी उलगडून त्यांनी माझ्यासमोर धरली. आत खुंटीसकट कॅप होती, वरच्या पुढच्या दाताची. रूट कॅनल जुनं होतं, कुणीतरी चांगलं केलेलं. फक्त खुंटी सुटली होती.

"बसवून द्या बाई," म्हणाले. "माझं सगळं यावर आहे."

मला वाटलं, माणूस दिसण्याबद्दल बोलतोय. तसं नव्हतं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. सनईची पत्ती ओठांत धरायची असते आणि त्या ओठांना मागून टेकू असतो दातांचा. तिथलाच दात गेला की ओठ आत जातो, पत्तीवर दाब राहत नाही, सूर घसरतो. "मग प्लेट लावा," असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. काढघाल करायची प्लेट फुंकेसरशी हलते. स्क्रू बसवून नवा दात करायचा तर हाड भरून येईपर्यंत कित्येक महिने वाजवणं बंद. "या वयात ओठ महिनाभर रिकामा राहिला तरी सैल पडतो. परत नाही येत. मग मी घरात बसून काय करू?"

मी खुंटी बसवून दिली. त्या दिवसांत एका कंपनीचा माणूस नवं रेझिनचं सिमेंट देऊन गेला होता, जंतुनाशक आधीच घातलेलं. टायबिय लावून आला होता आणि "मॅडम, हे म्हणजे टू इन वन" म्हणत होता. मी तेच वापरलं. थोड्याच दिवसांत दत्तोबा रुमाल घेऊन पुन्हा हजर.

"टू इन वन!" मी म्हटलं आणि ते सिमेंट कपाटात ठेवून दिलं. दुसऱ्या वेळी माझं नेहमीचं, बिनभेसळीचं रेझिनचं सिमेंट वापरलं. त्यावर माझा स्वतःपेक्षा जास्त विश्वास. बसवण्याआधी विचारलं, "दाताला काही औषध वगैरे लावता का?" म्हणाले, "छे." खुंटी बसवली. त्यांनी एक साखरपुडा आणि एक मुंज वाजवली, आणि रुमाल परत.

आता मात्र माझी झोप उडाली. कारण साधं होतं. दर वेळी नळीतलं जुनं सिमेंट खरवडून काढावं लागतं आणि त्याच्याबरोबर दाताची भिंतही थोडी जाते. दत्तोबांच्या दाताची भिंत आता एवढी पातळ झाली होती की आणखी एकदाच ते जमलं असतं. त्यानंतर मूळ चिरलं असतं आणि दात काढावा लागला असता. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला फार वाईट वाटलं.

मी ती खुंटी घेऊन कॉलेजात गेले. ऋतुजानं भिंगाखाली पाहिली. "मॅडम, वीअर्ड आहे. खुंटीकडचं सिमेंट टणक आहे. भिंतीकडचं चिकट राहिलंय, सेटच नाही झालं." आम्ही दोन्ही सिमेंटच्या चकत्या केल्या, कंपनीच्या नव्या आणि माझ्या नेहमीच्या. यंत्रात ढकलल्या. माझं नेहमीचं झकास धरत होतं. आणि इमानानं लिहायचं तर, कंपनीवाल्याचं टू इन वनसुद्धा बऱ्यापैकी धरत होतं. म्हणजे लॅबमध्ये सगळं आलबेल आणि दत्तोबांच्या तोंडात बोंब.

खुंटी परत आणून मी कॅप तात्पुरती चिकटवून दिली आणि बजावलं, "पेरू खायचा नाही, चिक्की खायची नाही, आणि सुटली तर लगेच माझ्याकडे यायचं."

त्याच आठवड्यात माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं, पुण्याशेजारच्या मांजरी गावात. लॉन्सच्या एका बाजूला उभा ऊस आणि दुसऱ्या बाजूला नवे उंच टॉवर. सनईला दत्तोबांना मीच सुचवलं होतं. सकाळचा मुहूर्त. मी नेसून-सवरून वेळेच्या बऱ्याच आधी पोचले आणि आधी स्टेजच्या मागे गेले, कॅप जागेवर आहे ना बघायला. नवरीला नंतर भेटले.

दत्तोबा पाठमोरे उभे होते. मी हाक मारली तसे वळले, घाईघाईनं रुमालाला तोंड पुसलं आणि वाकून म्हणाले, "या बाई."

त्या दोन शब्दांबरोबर मला एक वास आला, आणि क्षणभर मी दवाखान्यातच उभी आहे असं वाटलं. तोच वास. खुर्चीचा, कपाटाचा, माझ्या स्वतःच्या हातांचा, उभा जन्म नाकात बसलेला. मग डोक्यात उजेड पडला. इथं कुठला दवाखाना? समोर ऊस होता, वारा होता, ओल्या मातीचा वास होता. आणि दत्तोबांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता.

ही गंमत बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवी. लवंगेच्या तेलातला अर्क एका पांढऱ्या पावडरीत कालवला की त्याचं छान सिमेंट होतं. दाढांत तात्पुरतं भरायला मी वर्षानुवर्षं तेच वापरत आले, म्हणून माझ्या दवाखान्याला कायम लवंगेचा वास. त्या खोलीत पेशंटच्या तोंडाला लवंगेचा वास येतोय हे मला कसं कळणार? मसाल्याच्या दुकानात बसून कुणी मसाल्याचा वास घेतो का? पण तोच अर्क रेझिनच्या सिमेंटचा मात्र वैरी. भिंतीत मुरलेला असेल तर त्या बाजूनं सिमेंटला घट्टच होऊ देत नाही. हे पुस्तकात आहे. मी स्वतः दर वर्षी वर्गात सांगायचे. पण पुस्तकातली लवंग डॉक्टरनं घातलेली असते, आणि दत्तोबांच्या दाताला मी ती कधी लावली नव्हती. पेशंटनं घातलेली लवंग पुस्तकात नाही.

"दत्तोबा, कॅप सुटलीये ना?"

"सुटली होती. बसवली मी."

"कशानं?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पितळी डबी काढली. आत लवंगा. एक दाढेखाली चावून बारीक करायची, तो चोथा नळीत दाबायचा आणि वरून कॅप. लग्न लागेपर्यंत धरते म्हणाले.

मला बोलायचं पुष्कळ होतं, पण गुरुजी घाई करत होते. दत्तोबांनी आणखी एक लवंग जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सनई ओठांना लावली. मी पुढे जाऊन पाहुण्यांत उभी राहिले. त्या माणसानं जे वाजवलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही, मी दातांची डॉक्टर आहे. एवढंच सांगते की मंगलाष्टकं संपली तरी माझ्या हातातल्या अक्षता हातातच होत्या. चोथ्यावर उभा असलेला तो दात आणि त्याच्या आधारानं निघणारा तो सूर. एका फुंकेत सगळं जमिनीवर येईल, असं दर फुंकेला वाटत होतं.

नाही आलं. जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"हे कधीपासून चाललंय?"

"लवंग होय? लहानपणापासून. वडील द्यायचे. जिभेवर लवंग ठेवल्याशिवाय सनईला हात लावायचा नाही, घराची रीत आहे. गळा मोकळा होतो, फुंक सुटते."

"जिभेवर ठीक आहे. दातात?"

"कॅप सुटली की दातात. दाताला लवंग चांगली असते ना? तुमच्या दवाखान्यातपण तोच वास येतो की."

"मी विचारलं होतं तुम्हाला, औषध लावता का म्हणून."

"लवंग काय औषध आहे, बाई? मसाल्याच्या डब्यात असते ती."

"आणि माझ्याकडे येताना दातात काही दिसलं नाही ते?"

"डॉक्टरकडे जायचं म्हणजे तोंड स्वच्छ नको करायला?" ते जरा दुखावूनच म्हणाले. "काडीनं सगळं काढून, खळखळून चुळा भरून यायचो."

चोथा जायचा, तेल भिंतीत मुरलेलं राहायचं. सिमेंटमध्ये कंपनीवाले काय घालतात याची मी चौकशी करत बसले होते आणि घालणारे होते दत्तोबा. मी सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी जिलबीचा तुकडा पानात ठेवून दिला.

"म्हणजे दात धरून ठेवायला मी जे घालत होतो, त्यानंच तो सुटत होता?"

"हो."

त्यांनी पान जरा पुढे सारलं. मग म्हणाले, "मग आता लवंग सोडायची?"

"सिमेंट बसवायच्या आधी काही दिवस आणि नंतर थोडे. पुढं खुशाल खा, एकदा घट्ट झालं की त्याला लवंग काही करत नाही."

"मधे दोन कार्यं आहेत. लवंगेशिवाय फुंक लागली नाही तर? बाई, दात गेला तर ओठ जातो आणि लवंग सोडली तर फुंक जाते. मी जाऊ कुठं?"

सांगायला हरकत नाही, त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडून पेशंट ऐकत नाहीत, एवढं मला एव्हाना कळलं होतं. मी म्हटलं, "चातुर्मासात कांदा-लसूण सोडता ना? तसाच हा उपास समजा."

"लवंग उपासाला चालते."

"माझ्या उपासाला चालत नाही."

ते हसले. मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं, आणि हसताना वरच्या ओठावर हात ठेवायची त्यांची सवयही पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी ऋतुजाला मंडईतून लवंगा आणायला सांगितल्या. "लॅबमध्ये प्युअर अर्क आहे न, मॅडम." मी म्हटलं, "दत्तोबा लॅबमधला अर्क लावत नाहीत." काही चकत्यांसाठी मुळं लवंगेच्या चोथ्यात मुरवली, तशीच भरली. काहींची भिंत लवंग काढल्यावर हलक्या हातानं घासली, स्पिरिटनं पुसली आणि मग भरली. पहिल्या चकत्यांत दांडा टेकायचा अवकाश, सिमेंट बाहेर. दुसऱ्यांनी चांगला जोर घेतला. ऋतुजा यंत्राकडे बघून म्हणाली, "मॅडम, विरी आली." चला, भाकरी शिकवल्याचं सार्थक झालं.

ठरलेल्या दिवशी मी दवाखान्यातली लवंगेच्या अर्काची बाटली उचलून मागे घरच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली, खिडक्या सताड उघडल्या, पंखा लावला. दत्तोबा वेळेवर आले. मी आधी वाकून त्यांच्या तोंडाचा वास घेतला. काही नाही. नुसता चहाचा.

"फुंक?" मी विचारलं.

"लागली," म्हणाले. "पहिल्या दिवशी जीभ लवंगेला शोधत होती. नंतर वाजवताना विसरलो."

मी भिंत घासली. शक्य तितकी कमी. भिंगातून बघत, श्वास रोखून. स्पिरिटनं पुसली, कागदाच्या बारीक वातींनी कोरडी केली. त्या नळीत मी बिनभेसळीचं सिमेंट भरलं, काही न घालता, आणि खुंटी रोवली. घट्ट व्हायची वेळ झाली, तरी मी कॅपवर दाबलेलं बोट काढलं नाही. त्यांनीच शेवटी खुणेनं विचारलं, तोंड मिटू का.

तो दात टिकला. त्या मोसमात टिकला, पुढच्यात टिकला, आणि नंतर मी मोजणं सोडून दिलं. पेठेतल्या कुठल्या तरी कार्यालयातून सनई ऐकू आली की मी पेशंटला म्हणायचे, "ऐका, ते माझं काम आहे." पेशंटचा आ वासलेला असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

ऋतुजाचा प्रबंध झाला, ती आता स्वतः शिकवते. मुलं आजही सिमेंटमध्ये नवनवीन पदार्थ घालतात, आणि घालावेत, त्याशिवाय पुढं कसं जायचं? माझी एकच विनंती असते. काय घालायचं ते ठरवण्याआधी, पेशंटनं आधीच काय घातलंय ते विचारा. आणि 'औषध लावता का' असं विचारू नका. 'मसाल्याच्या डब्यातलं काही लावता का' असं विचारा.

गेल्या महिन्यात दत्तोबा आले, बऱ्याच काळानं. वेळ घेतली नव्हती. छातीचं दुखणं झालं होतं, जिना चढून धापा टाकत होते. खुर्चीत बसले, दम खाल्ला. खालचे दात गेले होते, तिथं कवळी होती. वरचेही बरेच पडले होते. सनई मुलाला देऊन टाकली, म्हणाले.

"जरा बघा, हलतोय का."

मी तो दात चिमटीत धरला. हलवून पाहिला. मग जरा जोर लावून पाहिला. जागचा ढिम्म हलला नाही.

"नाही हलत," मी म्हटलं.

"तेच म्हणतो मी. फुंक गेली, बाई. आणि हा बसलाय. याचं आता काय करू?"

इतक्या वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम माझ्या चिमटीत होतं आणि त्याचा त्या माणसाला काही उपयोग उरला नव्हता.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पितळी डबी काढली. "आता चालते ना?"

"चालते."

एक लवंग माझ्या तळहातावर ठेवली, एक स्वतःच्या जिभेवर. डोळे मिटले. मग वरचा ओठ सावकाश त्या दातावर बसवला, सनई धरताना बसवायचे तसाच, आणि हात मांडीवर ठेवून शांत बसून राहिले.

दार वाजलं. पुढच्या पेशंटनं आत डोकं घातलं आणि पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "माझी वेळ झाली आहे."

"थांबा," मी म्हटलं. "आज उशीर होईल."